अठरा संगणक भंगार नाहीत

सन्माननीय अध्यक्ष हिंमतरावदादा, मुख्याध्यापिका वृषालीताई, व्यासपीठावरचे मान्यवर, सहकारी शिक्षक, वाशीकडून एसटीनं आवर्जून आलेले पालक आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

तीस वर्षं मी या शाळेत प्रयोगशाळा सहायक. आज निवृत्तीची शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, फेटाही बांधलात. वृषालीताई आत्ताच म्हणाल्या, "राजपाल सरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही." खरं आहे. पण त्या सवयीनं काय केलं, तेही ऐका.

जूनमध्ये संगणक कक्षात अपडेट चालू असताना लाईट गेली. अठराही संगणकांवर लिनक्सची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, अर्धवट बसली. मराठी टायपिंग उघडेना, भूमितीचा प्रोग्राम उघडेना. शहरातून तज्ज्ञ आले. "जुना माल, भंगारात काढा," उभ्याउभ्याच म्हणाले. चहा मात्र बसून प्याले, बरं का.

मग मी बसलो. पहिल्या संगणकाला दुरुस्तीची आज्ञा दिली. त्यानं लांबलचक यादी दाखवून विचारलं, हे सगळं काढून टाकू का? मी सवयीनं होय म्हटलं! पडदा काळा. चित्रं, खिडक्या, माउसचा बाण, सगळं साफ. घरी सांगितलं तर आमची मंडळी म्हणाली, "आवं, काय काढायलंय ते वाचलाव तरी का? समद्यालाच व्हय म्हणायचं?"

दुसऱ्या संगणकावर मी यादी शेवटपर्यंत वाचली आणि नकार दिला. आधी अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायला लावली. एकच हटून बसलं, मराठी टायपिंगचं. त्याची फाईलच अर्धी उतरली होती. ती काढून नवी उतरवली, आणि उघडलं! मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? तीन आठवड्यांत अठराही सुरू झाले. पहिल्यात सगळं नव्यानं भरावं लागलं, ती माझी शिक्षा.

मग दादा, आज सकाळी माझ्यापुढं निर्लेखनाचा, म्हणजे भंगारात काढण्याचा, कागद का आला? 'अठरा संगणक दुरुस्तीपलीकडे', आणि खाली सहायकाच्या सहीची रिकामी जागा. मी म्हणालो, सगळे चालू आहेत. तुम्ही म्हणालात, "तज्ज्ञापेक्षा तुला जादा कळतंय व्हय? जाता जाता सही कर की."

दादा, तुमचा मान मोठा आहे. पण चालत्या वस्तूला मेलेली कसं म्हणू? सहायकाच्या हातानं दुरुस्त झालं, ते काय दुरुस्त नव्हे? आठवीच्या मुली कालच त्यांवर मराठीत निबंध लिहीत होत्या. हे गेल्यावर नवे कधी येणार, ते त्या कागदात कुठंच नाही. मला याचा राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

कक्ष उघडा आहे. फराळाआधी सगळ्यांनी चला, हवं ते बटण दाबून बघा. अध्यक्षांनी पुढं व्हावं.

एवढं प्रेम दिलंत, मनापासून आभार. भरल्या सभेत अध्यक्षांना उलट बोलणं रीतीला धरून नाही, हे मला कळतं. तेवढं पोटात घाला. कागद मी सही न करताच परत करतोय. उद्या नवा माणूस काय करेल, ते त्याचं तो जाणे. आज पाच वाजेपर्यंत या शाळेचा सहायक मीच आहे, आणि अठराही संगणक चालू आहेत.

नमस्कार.