वेगळं ताट

नगरमधल्या एका लॅबच्या दारात अजिनाथ तिथल्या डॉक्टरबाईंना हळूच म्हणाला, "मॅडम, आईसमोर कॅन्सर म्हनू नका. मी सांगतो." दाराशीच नंबराची वाट बघताना ते माझ्या कानावर पडलं. मग रिपोर्ट घेऊन तो माझ्या शेजारच्या बाकावर, आईजवळ येऊन बसला.

"काय म्हनल्या?"

"त्या फुफ्फुसाच्या आजारांवर अभ्यास करतात. टीबी म्हनून लिहिलेले, तपासायला काढलेले फुफ्फुसाचे जुने तुकडे परत तपासतात. त्यात तुझाबी निघाला."

"मंग?"

"तुला टीबी न्हाई म्हनल्या."

"न्हाई? आन् आठ म्हैने गोळ्या खाल्ल्या त्या?"

"चुकून दिल्या."

"मंग हाय तरी काय?"

"उद्या मोठ्या दवाखान्यात सांगतील."

"पन दुसऱ्याला लागत न्हाई ना?"

"न्हाई लागत."

"नक्की इचारलं?"

"व्हय."

"मंग ऊठ. बेलापूरची एसटी गावंल अजून."

"आई, बस की जरा."

"किती बसू? तुझी नंदू चालायला लागली, ती मी दारातनंच बघितली. सुनेला फोन लाव. म्हनावं, आजपासून माझं ताट समद्यांच्यात मांड. नंदूला मांडीवर घिऊन जेवनार हाय मी."

"लावतो."

"लाव की मंग. त्या कागदाच्या किती घड्या घालशील?"