चाकावरची पेटी

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, सासर बी तितलंच, पन संसार सगळा फौजेच्या क्वार्टरमदी झाला, आन् हे सुभेदार म्हनून रिटायर झाले ते हितं जयपूरलाच, मग मुरलीपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या आन् ऱ्हायलो. पोरीला हितंच नोकरी लागली, म्हनलं गावाकडं जाऊन तरी काय करायचं. मी शिलाई करते, राजपूती पोशाखाच्या कुर्त्या-कांचळ्या, साडीला फॉल, पिको. मतलब रिकामी कधी बसले न्हाई बघा, आन् बसनाऱ्या बायका मला आवडत बी न्हाईत.

तर ती पेटी. काय सांगू तुमास्नी, फौजी मानसाच्या घरात फर्निचर नसतं, काळ्या पेट्या असत्यात, वर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर. बदली आली की भरायच्या, नवं क्वार्टर मिळालं की त्याच दिवान, त्याच टेबल. त्यातली एक लांब पेटी आमी उभी केलेली, झाकन कपाटाच्या दारावानी पुढनं उघडायचं, आत तळाला सासूबाईंचा पाटा-वरवंटा, त्यावर जाड जाड रजया, आन् पेटीच्या डोक्यावर टीव्ही. जड अशी की सरकवायला दोघं लागायचे.

मग यास्नी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलनं गेलं, डावा हात तेवढा ऱ्हायला. हे आतल्या खोलीत पडून, माझं मशीन बाहेर, टीव्ही बी बाहेर. यास्नी बातम्या लागत्यात, दिवसभर भिंतीकडं बघून मानूस येडं हुईल का न्हाई? आन् पोरगी हापिसला जाताना तिची पोर, आमची गौरी, माझ्याकडं सोडती, ती तवा नुकती कशाला तरी धरून उभी ऱ्हायला लागलेली. म्हनून गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. म्हनलं, भैया, चाकं लावा, पन घर में बच्ची है, गिरना नहीं चाहिए. मानूस चांगला व्हता. पेटीच्या बुडाला चांगली रुंद फळी मारली, ब्रेकवाली चाकं लावली, टीव्ही पट्टीनं पेटीला आवळला, वायर मागनं बांधून घेतली. दोन्ही हातांनी ढकलून बघितलं, पेटी कलली न्हाई. म्हनला, आंटीजी, अब चिंता मत करो. मी बी केली न्हाई.

थंडी पडली. हितली थंडी हाडात शिरती. पेटीतल्या रजया काढल्या, यांच्या अंगावर घातल्या, एक गौरीला. आन् तवापासनं यांचं सुरू झालं. पेटी ढकलत टीव्ही आत नेला की डावा हात पलंगाच्या लोखंडावर आपटायचे, धाड धाड, डोळे असे मोठे करून. चॅनेल बदललं, आवाज कमी केला, पन न्हाई. डॉक्टर म्हनले, या दुखन्यात भ्रम होतो, दुसऱ्या झटक्याची बी भीती असती, लक्ष ठेवा. आता हे ऐकल्यावर माझं शिवनात चित्त लागंल का? मशीनवरनं उठून उठून मी त्यांच्या छातीवर हात ठिवून बघायची, लई भ्याले मी.

पोरगी म्हनली, आई, बाबांनी टीव्हीची धास्ती घेतलीय, बाहेरच राहू दे. ठिवला बाहेर. तर हे जास्तीच आपटाय लागले. हाताची कातडी सोलली, मी फडकं बांधलं, तरी थांबनात. म्हनलं, अहो, काय पायजे तरी काय तुमास्नी? तर नुसतं दाराकडं बघायचे.

संक्रांतीला तिळाचं कूट मला पाट्यावरचंच लागतं, मिक्सरचं तेलकट व्हतं, म्हनून मी पेटीतनं पाटा बी काढला. त्या दिवशी हितं समदं गाव गच्चीवर असतं, पतंग, स्पीकर, वो काटा, वो काटा. पोरगी बी वर गेली. खाली मी, हे, आन् गौरी. ती पेटीच्या कडीला धरून उभी, आपली आपली हसतीय. आन् आतनं यांनी जे आपटाय सुरू केलं, काय सांगू, मला असा राग आला, म्हनलं सनासुदीला तरी जीवाला सुख द्या. मी तरातरा गेले, गौरीला उचलून काखेत मारली, म्हनलं चल, आज्जाला गप कर तुझ्या. तिच्या मुठीत पेटीची कडी तशीच. पेटीचं दार ताडकन उघडलं, आन् मागनं नुसती सावली आली अंगावर. मी पुढं झोकांडले. पेटी टीव्हीसकट खाली, गौरी उभी व्हती त्याच जागी. माझ्या अंगठ्याचं नख गेलं, पोरीला खरचटलं बी न्हाई. वर स्पीकर चालूच, कुनाला ऐकू बी गेलं न्हाई.

पेटी मी उचलली, एकटीनं. तवा डोक्यात उजेड पडला. बुडाशी काय ऱ्हायलंच न्हवतं, तिचं निम्मं वजन यांच्याच अंगावर पांघरून पडलेलं. रजया निघाल्यापासनं पेटी उंबऱ्यावर कलत यायची, ती मला दिसायची न्हाई, मी मागनं ढकलनार. यास्नी समोरनं दिसायची, आन् बाहेर ठिवली तर पोर तिलाच धरून उभी. त्यांच्या पायावर डोकं ठिवून मी लई रडले.

आता बुटकी, रुंद ट्रॉली करून घेतलीय, पाटा तिच्या तळाला कायमचा बांधून टाकलाय, टीव्ही आत-बाहेर नेते, हे शांत बघत्यात. म्हनलं, मिटलं.

पन परवापासनं पुन्यांदा आपटत्यात. टीव्ही आत असला तरी, बाहेर असला तरी. मी गॅस बघितला, पान्याच्या टाकीचं झाकन बघितलं, गच्चीचं दार, मशीनची वायर, समदं बघितलं. पोरगी म्हनती, आई, डॉक्टरांना दाखवू. दाखवू की, मी कुठं न्हाई म्हनते? पन मी आता गौरीला कडेवरनं खाली सोडत न्हाई. देव तिला उदंड आयुष्य देवो, आन् यास्नी एक शब्द देवो, एकच.

ते बघा, लागले आपटाय. हिला जरा धरा तुमी, घट्ट धरा, मी बघून येते.