मामींची पन्नास ग्रॅम कॉफी

कॉफीचं नाव काढलंसा म्हणून सांगतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, धारवाडच्या. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडं शिवाजी पेठेत राहायला आल्या. घरात आम्ही सगळे चहावाले, त्यांना मात्र फिल्टर कॉफी लागते. म्हटलं, त्यांना काय कमी पडायला नको. शाहूपुरीतनं एकदम किलोभर दळून आणली.

दोन महिने मामी रोज मुकाट्यानं कॉफी प्यायच्या. एक दिवस सहज मीबी कपभर घेतली, तर नुसतं कडू पाणी. वास औषधालाबी न्हाय.

"मामी, असलं पिताय व्हय रोज? बोलायचं की!"

"जावयांनी एवढ्या हौसेनं आणली. नावं कशी ठेवू?"

मला लई वाईट वाटलं. तसंच त्यांना स्कूटरवर बसवून दुकानात नेलं. सगळं ऐकून दुकानदार माझ्यावरच खेकसला, "पावणं, पिणारं माणूस एक आणि किलोभर दळून नेताय? दळली की वास उडतोय. शंभर ग्रॅम न्या, आठवडाभर पुरंल. संपली की ताजी न्या."

हा गडी निघाला हुबळीचा. मामी त्याच्याशी कन्नडमधनं बोलायला लागल्या, त्या थांबंनातच. आमच्याकडं आल्यापासून त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मग शंभर ग्रॅम दळू?" त्यानं विचारलं.

"पन्नासच दे," मामी म्हणाल्या.

"मामी, पन्नास तीन दिवसांत संपंल की!"

"संपू दे की," त्या म्हणाल्या, "परत येऊ."