हातभर खोल

कॉलेजात असताना मला आमच्या वावरात जुनी नाणी शोधायचं वेड होतं. मंगरूळपीरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सलीमचाचांनी धातू लागला की कुईंकुईं करणाऱ्या दोन मशिनी बनवल्या होत्या. मी बाबांना घेऊन तिथं गेले. मी स्वस्तातली उचलली.

“चार बोटं खोल पकडते, बेटी. सिक्क्याले बस झालं,” चाचा म्हणाले.

बाबा मोठीकडेच बघत होते. “अन् हे?”

“हातभर खोल. पन तिप्पट पैसे.”

“हेच द्या.”

मी भर दुकानात भडकले. “बाबा, नाणी नांगरानंच वर येतात! तुमाले गुप्तधन पाह्यजे काय? हातभर खोल काय पुरलं हाय आपल्या वावरात?”

“तुह्यी मोठी बहीण.”

मला बहीण होती, हे मला तिथं कळलं.

“सहा महिन्यांची होती,” बाबा हळूच म्हणाले. “पायातले चांदीचे वाळे तुह्या मायनं काढू देल्ले नाही, तसंच बांधाजवळ पुरलं. मंग वावर सपाट केलं, बांध मोडला, आता जागाच सापडत नाही. तुह्यी माय अजून इचारते, फूल कुठं ठेवू म्हन्ते.”