लेबलाची काठी

आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, डिझेल पिकणार होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही वाटतं. पुण्याच्या एका संस्थेनं मोगली एरंडाची नवी जात काढली होती. बियांच्या तेलावर गाडी चालते आणि झाडाला पाणी लागत नाही म्हणे. जागा गावातल्या तात्यांची, देखरेखीला संस्थेनं पगारावर नेमलेला मी. कातळात खड्डे पाडून रोपं लावली. प्रत्येक रोपाशेजारी लेबल बांधायला काठी हवी होती, म्हणून तात्यांनी आपल्या कुंपणातल्या गावठी मोगली एरंडाच्याच फांद्या तोडून ठोकल्या.

मे महिन्यात संस्थेचे साहेब पाहणीला आले, तोवर रोपं वाळून गेली होती आणि काठ्यांना हिरवीगार पानं फुटली होती. प्रकल्प गुंडाळला तर माझी नोकरी जाणार. मी तात्यांना बजावलं, "तुम्ही काही बोलू नका."

पण साहेब लोकांना नेमकं गप्प उभ्या माणसालाच विचारायचं असतं. त्यांनी लेबल वाचलं, पानं कुरवाळली आणि खूश होऊन म्हणाले, "तात्या, पाणी किती घातलंत?"

"थेंब नाय."

"खत?"

"नाय."

"मग केलंत तरी काय?"

"ठोकलं."

साहेबांना तो विनोद वाटला. हसता हसता त्यांनी खाली बोट दाखवलं. "आणि ही शेजारची वाळकी काडी कसली?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

"ती होय," तात्या म्हणाले, "ती तुमची नवी जात."