वास येतोय का हो?

मंडळी, ऐका! माणसाचं काय गेलं की तो ते चोरासारखं लपवतो? पाकीट गेलं तर गावभर बोंब मारतो. बैल गेला तर पोलिसपाटलाच्या दारात बसतो. पण हातातलं कसब गेलं तर? — तोंडाला कुलूप!

आज वाइनची गोष्ट सांगणार आहे. — बघा, मागची मंडळी पुढं सरकली! बसा बसा, प्रसाद खडीसाखरेचाच आहे.

दिंडोरीकडच्या मुरमाड उतारावर द्राक्षमळे. दिवसा ऊन, रात्री गारठा. द्राक्षाला असाच छळ मानवतो. तिथल्या एका कारखान्यात लाल वाइनचं मिश्रण करायचे दौलतआबा पिंगळे. शिराज आणि काबर्ने, दोन काळी द्राक्षं. शिराजनं रंग आणि मिरीचा झणका द्यायचा, काबर्नेनं कणा द्यायचा. कुणाची किती, ते आबांचं नाक ठरवणार! पेला हलवायचा, नाक आत, डोळे मिटलेले — आणि सगळा कारखाना श्वास रोखून. अहो, नवी सून सासूच्या तोंडाकडं असं बघत नाही!

दिवाळीत आबांना ताप आला. ताप गेला — जाताना वास घेऊन गेला! फोडणी नाही, उदबत्ती नाही, काही नाही. कुणाला सांगितलं? नाही! बायकोला, सगुणाबाईला? तिलाही नाही! वास न येणारा दौलतआबा म्हणजे कोण, ही भीती! म्हणून पुन्हा पेल्यात नाक, पुन्हा डोळे मिटले, आणि मिश्रण केलं गेल्या सालच्या मापानं. लोक चाखून म्हणाले, "वा! जांभूळ! मिरी!" आबा म्हणाले, "आणि शेवटाला जरा ओकच्या पिंपाचं लाकूड." खोटं बोलणारा माणूस तपशील फार सुरेख देतो, मंडळी!

फाल्गुनात मुंबईचे खरेदीदार आले. ही वाइन कशाबरोबर प्यायची? आबा म्हणाले, "काळ्या मसाल्याचं मटण, भाजल्या वांग्याचं भरीत. घरीच चला." पाहुणे अंगणात मांडवाखाली पेले घेऊन बसले. आत सगुणाबाई, सर्दीनं बेजार. मटण शिजवून उतरवलेलं; आता पुन्हा गरम करायचं. शेगडीपाशी वाकली आणि थबकली.

"अहो, जरा आत या. ही गॅसची नळी चिरल्यासारखी दिसतेय. माझं नाक चोंदलंय. वास येतोय का हो?"

मांडवातून एक पाहुणा हसला, "वहिनी, जिल्ह्यातलं सगळ्यात तिखट नाक आहे ते! निर्धास्त राहा."

मंडळी, एवढंच म्हणायचं होतं — 'मला कळत नाही गं.' संपलं! पण पाठीवर पाहुण्यांचे डोळे. आबा उंबऱ्यात उभे राहिले. पेल्यातून घ्यावा तसा खोल श्वास घेतला. डोळे मिटले.

"काही नाही. मसाल्याचा दरवळ आहे नुसता. पेटव."

आबा मांडवाकडं वळले. तिनं काडी ओढली.

— थांबव रे तो मृदंग.

नाशिकच्या दवाखान्यात सगुणाबाई पांढऱ्या पट्ट्यांत निजलेली. आबा उशाशी. तिनं हळूच विचारलं, "तुम्ही वास घेतला होतात ना हो?"

तेव्हा ते कुलूप निघालं. "सगुणा, मला वासच येत नाही. दिवाळीपासून."

तिनं नजर छताकडं वळवली. मग म्हणाली, "मला सांगायचं होतंत. मी का कुणाला सांगणार होते?"

रागावली नाही हो! रागावली असती तर आबांना धरायला काहीतरी उरलं असतं. पहाटे ती गेली.

वाइन? वाइन उत्तम खपली! पिणारे अजून डोळे मिटून मिरी शोधतात.

आता तुमच्याकडं वळतो. या मांडवात कुणाला अंधारात रस्ता दिसत नाही, तरी गाडी तोच चालवतो. कुणाला ऐकू येत नाही, तरी मघापासून मान डोलावतोय. देवाचं नाव घेण्याआधी एक काम करा. ज्याचं काही गेलंय आणि घरच्यांपासून लपवलंय, त्यानं फक्त हात वर करावा.

...

बघा. एकही नाही.

दौलतआबांचाही वर झाला नसता.