जावयाचा शाडू

माझा नवरा निखिल राहतो बंगळुरात, मारतहळ्ळीला आणि अभ्यास करतो खाडीतल्या गाळाचा. भरती-ओहोटीबरोबर तो कुठून कुठे जातो म्हणे! त्याचे नमुने आमच्या फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यांत.

गणपतीला पुण्याहून आई आलेली. निखिल दौऱ्यावरून पोचला, तेव्हा मूर्तीची प्राणप्रतिष्ठाही झाली होती.

आई म्हणाली, "निखिलराव, फ्रीजमधला शाडू काय मऊ हो! मूर्ती मीच घडवली."

निखिल पांढराफटक! पण सासूला सांगायची हिंमत कुठली?

दीड दिवसाने बाल्कनीत बादलीत विसर्जन झालं. हा बादलीशेजारी मांडी घालून बसला. "कुणी ढवळू नका, सगळं नीट खाली बसू दे." जेवायलाही उठेना.

आईने डोळे टिपले. मला म्हणाली, "एवढा देवभोळा जावई, आणि तू त्याला नास्तिक म्हणतेस?"